गॅसगळतीच्या वेळी पुरवठा बंद करण्यास झालेल्या विलंबाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार निवारण विभाग,
पाइप गॅस वितरण कंपनी

विषय : वसाहतीतील गॅसगळती आणि आपल्या आपत्कालीन पथकाची दिरंगाई

महोदय,

मी आपली घरगुती पाइप गॅसची ग्राहक असून आमच्या गृहनिर्माण संस्थेची सचिवही आहे. गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत सांडपाण्याच्या वाहिनीसाठी खोदकाम चालू असताना जेसीबीचा घाव आपल्या पिवळ्या पाइपवर बसला आणि गॅस मोठा आवाज करत बाहेर पडू लागला. रहिवाशांनी लागलीच आपल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन केले, तेव्हा पलीकडून आधी ग्राहक क्रमांक मागण्यात आला. घरातून नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडलेल्या माणसाने तो कोठून द्यावा?

अग्निशमन दलाचे जवान आपल्या पथकाच्या कितीतरी आधी पोहोचले. त्यांनी रस्ता अडवला, इमारती रिकाम्या केल्या, विजेच्या एकाही बटणाला हात लावू नका असे बजावले आणि महावितरणला कळवून संपूर्ण गल्लीची वीज बाहेरूनच बंद करून घेतली. मात्र गॅसचा व्हॉल्व्ह कोठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, कारण आपला नकाशा त्यांच्यापर्यंत कधी पोहोचलाच नव्हता. आपले पथक तासाभराहून अधिक उशिरा आले आणि व्हॉल्व्हचे झाकण रस्त्याच्या नव्या डांबराखाली गेलेले असल्यामुळे पुढचा बराच वेळ ते शोधण्यात गेला. या सर्वावर आपल्याकडून आलेले उत्तर असे की, जीवितहानी झालेली नसल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे. माझा मुख्य आक्षेप या उत्तरालाच आहे.

नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो आणि मोकळ्यावर विरून जातो, असे आपल्या अभियंत्यांनी आम्हांला समजावले. ते खरे आहे. परंतु जमिनीखाली सुटलेला गॅस मातीतून, गटारांतून आणि केबलच्या नळ्यांतून घरांत शिरू शकतो, आणि बंद जागेतील हवेत त्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के झाले की एक ठिणगी पुरते, हेही तितकेच खरे आहे.

कॅलिफोर्नियातील सॅन ब्रुनो या गावी ९ सप्टेंबर २०१० रोजी संध्याकाळी घरांखालून जाणारी ३० इंची उच्च दाबाची गॅसवाहिनी फुटली. त्यात आठ माणसे मृत्युमुखी पडली आणि ३८ घरे नष्ट झाली. १९५६ मध्ये टाकलेल्या त्या पाइपचा सांधा मुळातच सदोष होता आणि कंपनीच्या दप्तरी मात्र तो बिनजोडाचा पाइप म्हणून नोंदलेला होता. वाहिनी आपल्या हद्दीतून जाते याची स्थानिक अग्निशमन दलाला कल्पना नव्हती, व्हॉल्व्ह हाताने बंद करावे लागत होते आणि गॅस थांबवायला ९५ मिनिटे लागली. तितका वेळ आगीला इंधन मिळत राहिले. आमच्या गल्लीतली वाहिनी लहान आणि कमी दाबाची आहे, हे मी जाणते. पण चुकीची नोंद, अनभिज्ञ अग्निशमन दल आणि वेळेवर न सापडणारा व्हॉल्व्ह यांतले काय आमच्याकडे नव्हते? आपल्या देशातही आंध्र प्रदेशातील नगरम या गावी २७ जून २०१४ च्या पहाटे गॅसवाहिनीचा स्फोट होऊन वीसहून अधिक लोकांचा बळी गेला. तिथल्या गावकऱ्यांनी गळतीबद्दल आधी तक्रारी केल्या होत्या. म्हणूनच वासाची तक्रार किरकोळ समजून बाजूला सारली जाते, तेव्हा आम्हांला धास्ती वाटते.

पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाने आपत्कालीन प्रतिसादाविषयी २०१० मध्येच नियम केलेले आहेत. त्यांनुसार तयार केलेल्या आपल्या आराखड्यातील आमच्या विभागाचा भाग आम्हांला दाखवावा. व्हॉल्व्हचे अद्ययावत नकाशे अग्निशमन केंद्राला लेखी पोच घेऊन द्यावेत, डांबराखाली गेलेली सर्व झाकणे उघडी करून त्यांवर ठळक खुणा कराव्यात, आणि गळतीचा फोन ग्राहक क्रमांक न विचारता नोंदवला जावा. महानगरपालिकेच्या ठेकेदाराला खोदकामापूर्वी आपल्या वाहिनीची माहिती दिली होती काय, याचाही लेखी खुलासा हवा. दिली नसेल तर दोष एकट्या जेसीबी चालकावर ढकलता येणार नाही.

बंद केलेली तक्रार पुन्हा उघडून पंधरा दिवसांत उत्तर द्यावे. अन्यथा संस्थेच्या सर्व सभासदांच्या सह्यांनिशी आम्ही जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागू.

आपली,
सचिव व ग्राहक
(सोबत : आपल्या उत्तराची प्रत, रस्त्याची छायाचित्रे)