रानभेंडी, जिलेटीन आणि गुऱ्हाळातला गुळव्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं. प्रोटीन आणि चार्ज असलेले पॉलिमर (लांब साखळीचे रेणू) पाण्यात एकत्र आले की आपोआप वेगळा थर करून बसतात, परदेशात त्याच्यावर मोठं काम चाललंय, त्यातनं पाण्यात चिकटणारा गोंद, औषधाच्या कॅप्सूल काय काय बनवायलेत, आणि आपला गूळ करणारा गुळव्या रानभेंडी घालून हेच करतोय की, म्हणजे आपल्या लोकांना सगळं आधीच ठाऊक होतं, असं त्यांचं म्हणणं. वाचून बरं वाटलं पण पटलं नाही. मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करून रिटायर झालोय, उसाचा रस निवळायचा कसा ह्यातच जन्म गेला, म्हणून लिहितोय.

आधी मूळ प्रकार काय ते बघा. जिलेटीनचं कोमट पाणी घ्या, साधारण ४० डिग्रीचं, त्यात अरेबिक डिंकाचं पाणी मिसळा, काहीच होत नाही, नितळच राहतं. मग थेंब थेंब ॲसिड टाकत पीएच ४ च्या आसपास आणला की भांड्यातलं पाणी बघता बघता दुधाळ होतं. जिलेटीन हे प्रोटीन, पीएच खाली गेला की त्याच्यावर प्लस चार्ज चढतो, डिंकाचा मायनस तसाच असतो, मग ते एकमेकांना धरतात आणि आधी त्यांना चिकटून बसलेले बारके आयन, म्हणजे चार्जवाले कण, पाण्यात मोकळे सुटतात, खरा जोर ह्या सुटण्यातनं येतो. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर गाळ दिसत नाही, थेंब दिसतात, दोन थेंब शेजारी आले की एक होऊन जातात, आणि थोडा वेळ तसंच ठेवलं तर तळाला मधासारखा दाट थर बसतो. आता त्यात बऱ्यापैकी मीठ टाका, सगळं परत नितळ. म्हणजे मिठानं, ॲसिडनं हा थर पाहिजे तेव्हा करता येतो, पाहिजे तेव्हा मोडता येतो, मटेरियल बनवणाऱ्यांना ह्याचंच अप्रूप.

ह्याला कोॲसरव्हेशन म्हणतात, हॉलंडच्या बुंगेनबर्ग द योंग आणि क्रुइट ह्या दोघांनी १९२९ मध्ये ते नाव दिलं. कार्बन न घालता खालच्या कागदावर उमटणारी पावती बुकं आपण सगळ्यांनी बघितलीत, त्याची सुरुवात ह्याच्यातनंच झाली. अमेरिकेच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत बॅरेट ग्रीन ह्यांनी १९५० च्या दशकात बिनरंगी डायच्या थेंबांभोवती जिलेटीन-डिंकाचं कवच बसवलं, पेनचा दाब पडला की कवच फुटतं आणि खालच्या कागदावरच्या लेपाशी डायची रिॲक्शन होऊन अक्षर उमटतं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सँडकॅसल वर्म नावाचा किडा आहे, तो प्लसवाली आणि मायनसवाली प्रोटीनं सोडून समुद्राच्या पाण्यातच वाळूचे कण जोडत घर बांधतो, त्याच्यावरनं युटा विद्यापीठात रसेल स्टुअर्ट ह्यांच्या गटानं ओल्यात चिकटणारे गोंद तयार केलेत. आणि २००९ मध्ये ब्रँग्विन, हायमन वगैरे संशोधकांनी एका जंताच्या भ्रूणात दाखवलं की पेशीच्या आतले काही कणसुद्धा असे थेंबच असतात, तिथनं तर सगळी दुनियाच ह्याच्या मागं लागली.

आता गुऱ्हाळात या. काहिलीत रस तापायला लागला की चुन्याची निवळी पडते, रानभेंडीची खोडं ठेचून पाण्यात भिजवून काढलेला चीक पडतो, आणि मळी, म्हणजे रसातली घाण, वर येते (कारखान्यातली मळी वेगळी). पण ती मळी घट्ट असते, तिचे थेंब होत नाहीत, आणि काही केल्या परत रसात विरघळत नाही. दुसरं म्हणजे भेंडीच्या चिकात गॅलॅक्टुरोनिक ॲसिड असतं, म्हणजे तो मायनस. रसातली बारीक घाण, मेण, प्रोटीन हेही बहुतेक मायनसच. मग मायनसला मायनस चिकटतंय कसं? तर मध्ये चुन्यातला कॅल्शियम बसतो, दोन्हीकडं हात देतो, आणि चिकाची लांब साखळी एकेका कणाला ओढून गोळा करते. कारखान्यात आम्ही वापरत होतो ते फ्लॉक्युलंट (घाण गोळा करणारं रसायन) म्हणजे मायनस चार्जचं पॉलिॲक्रिलमाइड, तेही असंच काम करतं, लिटरला काही मिलीग्रॅम पुरतं. आणि जास्त पडलं तर उलटंच होतं, प्रत्येक कणावर पॉलिमरचं पांघरूण बसतं, कुणीच कुणाला धरत नाही, रस गढूळच राहतो. तेव्हा दोन्ही प्रकार एका घराण्यातले आहेत हे कबूल, पण एक नव्हेत.

एवढी चिरफाड कशाला म्हणाल. आमच्या संकेश्वर-निपाणी भागात बऱ्याच ठिकाणी भेंडी सुटली आणि हायड्रोस (रंग उडवणारी पावडर) आलं ते हे नीट समजून न घेतल्यामुळंच असं माझं मत. गुळव्याला हातानं जमत होतं, नाही कुठं म्हणतोय, पण चीक किती, निवळी कधी, रस कितपत तापल्यावर, आणि हे असंच का, ते कुणी मोजून लिहून ठेवलं नाही, मग ऊस बदलला, रस बदलला, अंदाज चुकायला लागला आणि पिवळाधमक गूळ पाहिजे म्हणून पुडी फोडायची सोय झाली. हायड्रोसनं घाण निघत नाही ओ, नुसता रंग उडतो, आणि ठेवला की तोच गूळ परत काळपट पडतो.

बेळगावात निजलिंगप्पा साखर संस्था आहे, संकेश्वरला धारवाड कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, बीएस्सी केमिस्ट्रीची कॉलेजं तर तालुक्या-तालुक्यात. पोरं शेवटच्या वर्षाला नेटवरनं उतरवलेले प्रोजेक्ट बाइंडिंग करून देतात, सर लोक सही करतात, मीही असले गठ्ठे बघितलेत. त्यापेक्षा एका वर्गानं पीएच, चुना आणि चीक बदलत रसाचा गढूळपणा मोजून काढावा, शेजारच्या बाकावर जिलेटीन-डिंकाचा प्रयोग लावावा, दोन्हीला खर्च किरकोळ आहे. आणि गुळव्याला बोलवावं, मानधन देऊन, पाहुणा म्हणून नव्हे तर शिकवायला. फक्त श्रावणात बोलवा, दिवाळीनंतर चुलवाण पेटलं की तो कुणाचाच फोन घेत नाही.

आपला,
एक निवृत्त लॅब केमिस्ट
संकेश्वर, ता. हुक्केरी