नेम धरतानाची धूसरता खरी हवी

महोदय,

चवथीच्या सुट्टीत फोंड्याला आमच्याकडे आलेला भाचा संगणकावर बंदुकीचा खेळ खेळत होता. नेम धरण्याचे बटण दाबताच हातातली बंदूक टोकापर्यंत धूसर झाली आणि दूरचा शत्रू लख्ख दिसू लागला. "मामा, हे अगदी खऱ्यासारखं आहे," असे तो म्हणाला. महाविद्यालयात असताना एनसीसीमध्ये पॉइंट टू-टू रायफल चालवलेली असल्यामुळे मला ते पटले नाही.

डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. पणजीच्या जेटीवर उभे राहून हात लांब करावा आणि अंगठ्याच्या नखाकडे पाहावे, म्हणजे मागचा मांडवीवरचा अटल सेतू पुसट होतो. सेतूकडे पाहिले की अंगठा विरघळतो आणि दोन्ही डोळे उघडे असतील तर दोन अंगठे दिसतात. बंदुकीवरही बॅकसाइट (डोळ्याजवळची नेम धरायची खाच), फोरसाइट (नळीच्या टोकावरची खूण) आणि लक्ष्य ही तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. आम्हाला उस्ताद, म्हणजे आमचे प्रशिक्षक, सतत सांगत, "फोरसाइटची टिप बघ." त्यामागे साधे गणित आहे. पिस्तुलाच्या दोन साइटमध्ये 33 सेंटिमीटर अंतर धरले आणि फोरसाइट केवळ 1 मिलिमीटर सरकली, तर 10 मीटरवर गोळी सुमारे 30 मिलिमीटर चुकते. एअर पिस्तूल स्पर्धेतले दहा गुणांचे वर्तुळ मात्र 11.5 मिलिमीटर व्यासाचे असते. लक्ष्य थोडे पुसट असले तरी त्यावरच्या मोठ्या काळ्या वर्तुळाचा मध्य डोळा सहज शोधतो; फोरसाइट पुसट झाली की सगळे बिघडते. म्हणजे साध्या साइटच्या बंदुकीत फोरसाइट धारदार, बॅकसाइट बरीच धूसर आणि लक्ष्य किंचित मऊ दिसायला हवे. भाच्याच्या खेळात याच्या नेमके उलट होते.

बंदुकीवर लाल टिपक्याची साइट (चौकटीतल्या काचेत लाल टिपका दाखवणारी) असती, तर तो खेळ बरोबर ठरला असता. तिच्या टिपक्याचे किरण डोळ्यात समांतर येतात, त्यामुळे टिपका दूरच्या लक्ष्याइतकाच लांब भासतो. नजर लक्ष्यावर ठेवली तरी तो स्पष्ट राहतो आणि धूसर होते ती फक्त चौकट. दुर्बिणीच्या साइटमध्ये आतले चित्र स्वच्छ आणि भोवतालची नळी पुसट दिसते. सर्व बंदुकांना एकच परिणाम लावणे म्हणूनच चुकीचे आहे.

पडद्याच्या कडा धूसर करण्याची पद्धत तर मला मुळीच मान्य नाही. नजरेच्या कडेचे आपल्याला निसर्गतःच अस्पष्ट दिसते, त्यावर पुन्हा धूसरता कशासाठी? प्रत्यक्षात कोपऱ्याकडे नजर वळवली की कोपरा स्पष्ट होतो. खेळाला मात्र नजर टिपणारे वेगळे उपकरण जोडल्याशिवाय खेळाडू कुठे पाहतो आहे हे कळत नाही, त्यामुळे तिकडे पाहूनही धुकेच दिसते. काहींना अशाने गरगरते. ज्यांची दृष्टी मुळात अधू आहे, त्यांची अडचण आणखी वाढते.

गोव्यात आज अनेक तरुण असे खेळ बनवण्याचे शिक्षण घेत आहेत. त्यांनी एकदा तरी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली रेंजवर जाऊन साइटमधून पाहावे, धूसरता साइटच्या प्रकारानुसार ठरवावी आणि ती कमी करण्याची किंवा पूर्ण बंद करण्याची सोय सेटिंगमध्ये सहज सापडेल अशा जागी द्यावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक माजी छात्रसैनिक, फोंडा