गाडी आहे म्हणजे सगळं बरं चाललंय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गरिबी आणि आजारपण यावरचा तुमचा रविवारचा लेख वाचला. नकाशे मस्त होते, पण कुठला भाग लाल आणि कुठला पिवळा हे ठरतं कशावरून ते दोन ओळीत तरी सांगायला हवं होतं राव.

एखादा भाग किती गरीब हे मोजणारा ब्रिटनमधला टाउनसेंड इंडेक्सच घ्या ना. सेन्ससमधल्या चार गोष्टी बघतात, बेकारी, स्वतःचं घर नसणं, गाडी नसणं आणि खोल्यांपेक्षा माणसं जास्त असणं, बस. तिथल्या सेन्ससमध्ये पगार विचारतच नाहीत, मग गाडीवरून अंदाज लावायचा. शहरात ठीक आहे एकवेळ, पण जिथे दिवसातून एखादी बस येते (आली तर) तिथे माणूस पोटाला चिमटा काढून, कर्ज काढून जुनी खटारा गाडी घेतो कारण तिच्याशिवाय ना कामावर जाता येत ना दवाखान्यात, आणि इंडेक्स म्हणणार, गाडी आहे की, बरं चाललंय यांचं! खेड्यातली गरिबी अशी कागदावर कमी दिसते.

दुसरं म्हणजे हा स्कोअर एरियाचा असतो, माणसाचा नाही. इंग्लंडमध्ये आयएमडी (इंडेक्स ऑफ मल्टिपल डेप्रिव्हेशन) नावाचा असाच गरिबी मोजणारा इंडेक्स आहे, तो साधारण दीड हजार वस्तीच्या तुकड्याला एक नंबर देतो. आता चांगल्या सुखवस्तू भागात एखादी बाई भाड्याच्या एका खोलीत राहून चार घरची कामं करत असेल तर ती त्या नंबरात कुठे दिसणार? आणि आरोग्याचा पैसा फक्त नंबर बघून वाटला तर तिच्या वाट्याला काय येणार? शिवाय त्या आयएमडीत 13.5 टक्के वजन आरोग्यालाच आहे, म्हणजे आजार आधीच आत धरायचे आणि मग म्हणायचं बघा गरीब भागात आजार जास्त. संशोधक तो भाग बाजूला काढून हिशोब करतात, बातम्यांमध्ये मात्र ते गाळलं जातं.

इंडेक्स नकोच असं मी म्हणत नाहीये, त्याशिवाय सरकारशी भांडायचं कशाच्या जोरावर? पण लंडनमध्ये 1967 ला सुरू झालेला व्हाइटहॉल स्टडी बघा, सुमारे 18,000 सरकारी नोकर, सगळे पुरुष, सगळ्यांना नोकरी आणि पगार, तरी सगळ्यात खालच्या ग्रेडमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वरच्या साहेबांच्या जवळपास तिप्पट निघालं. सिगरेट, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं धरूनही निम्म्याहून जास्त फरक उरलाच. बरं हे फक्त तळाशी आणि टोकाला नाही, मधल्या ग्रेडवाल्यांचंही वरच्यांपेक्षा वाईटच. बेकारीच्या रकान्यात यातला एकही जण सापडला नसता.

तेव्हा पुढच्या वेळी नकाशा छापाल तर खाली बारीक अक्षरात का होईना, काय काय मोजलंय ते टाका, आणि आरोग्याचा भाग आत आहे की काढलाय तेही.

आपला,
एक नियमित वाचक