त्या आकड्यावर माझी सही नाही

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, शाळेच्या काँक्रीटच्या चाचणी अहवालाबद्दल परवा फोनवर म्हणालात, "सही करून टाक, वरचे बघून घेतील." साइटवर होते, नीट बोलता आलं नाही.

शाळेचा स्लॅब टाकला त्या दिवशी माझ्यासमोर त्याच काँक्रीटचे सहा क्यूब, म्हणजे चाचणीचे ठोकळे, भरले. ओल्या काँक्रीटवर खिळ्याने तारीख मीच कोरली. तीन सातव्या दिवशी मशीनवर दाबून फोडले, तीन अठ्ठाविसाव्या. एम-25 काँक्रीटची ताकद 28 दिवसांनी चौरस मिलिमीटरला 25 न्यूटन तरी यायला हवी. एकही ठोकळा 18 च्या पुढे गेला नाही. फुटलेल्या तुकड्यावर अंगठा घासला तर वाळू भुरभुर गळत होती. साहेब म्हणाले, "27 लिही, बिल अडकलंय."

मी आलेला आकडाच लिहिला. लेखी आदेश मागितला. तो आला नाही, कारणे दाखवा नोटीस आली.

तुम्हाला हा हट्ट वाटतो. हट्ट असता तर स्लॅब पाडाच म्हणून बसले असते. तो पडेलच असं मलाही म्हणता येत नाही. क्यूब भरण्यात चूक झाली असेल, कदाचित माझीच. म्हणून पत्रात एवढंच मागितलंय, की स्लॅबमधून तीन कोअर, म्हणजे काँक्रीटचे गोल नमुने, कापून काढून तपासा. सरासरी 25 च्या 85 टक्के, म्हणजे सव्वाएकवीस आली आणि एकही 75 टक्क्यांखाली नसला, तर आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणेच स्लॅब पास. मग मी आनंदाने सही करीन. एवढ्यालाही नकार का, ते कुणी सांगत नाही.

आई, तू म्हणतेस दुसरा कुणी करेल. करेलही. पण मशीनचा काटा मी पाहिलाय, त्याने नाही. त्या स्लॅबखाली पहिली ते चौथीचे वर्ग भरणार आहेत. बदली, रजा, कामाची वाटणी यात साहेबांचा शब्द मी कधी मोडला नाही. पण त्यांच्या हुद्द्याने काँक्रीट घट्ट होत नाही.

बाबा, तुम्ही सत्येंद्र दुबेंचं नाव काढलंत. महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार कळवणारा तो इंजिनिअर, 2003 मध्ये गयेत त्याला मारलं. भीती मलाही वाटते. म्हणून क्यूबचे फोटो आणि सगळ्या पत्रांच्या प्रती दोन विश्वासू माणसांकडे ठेवल्यात, आणि अंधार पडल्यावर साइटवर एकटी थांबत नाही.

शुक्रवारी नोटिशीचं उत्तर देतेय. आई, तोवर मामाला साहेबांशी बोलायला सांगू नकोस. बाबांच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील, रविवारी येताना आणते.

तुमची,
ताई