केकचा तो प्रसंग

महोदय,

झोया अख्तर यांचा ‘दिल धडकने दो’ (२०१५) हा चित्रपट केवळ भूमध्य समुद्रातील झगमगीत सहलीसाठी आठवला जातो, याची खंत वाटते. आई-वडिलांच्या लग्नाच्या ३०व्या वाढदिवसानिमित्त दिल्लीचे मेहरा कुटुंब आप्तेष्टांसह जहाजावर जाते आणि घरात झाकून ठेवलेले सगळे तिथे उघड्यावर येते, कारण रुसून निघून जायलाही तिथे जागा नसते. मुलांच्या प्रेमकथा ठीकच आहेत. परंतु नवऱ्याची परस्त्रीशी चाललेली सलगी पाहून आरशासमोर एकटीच केक तोंडात कोंबणारी आणि तोंड पुसून पुन्हा सावरणारी मेहरांच्या घरातली आई, नीलम, अभिनेत्री शेफाली शाह यांनी ज्या ताकदीने उभी केली, तिच्याविषयी अधिक लिहिले जायला हवे होते. लेकीच्या घटस्फोटाला विरोध करणारीही हीच आई आहे, हे झोया अख्तर आणि रीमा कागती यांच्या पटकथेने लपवलेले नाही.

– एक वाचक, ठाणे