पाऊस थांबवू नका, पण वेळ सांगा: हवामान खात्याच्या मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळा नुकताच सुरू झाला आहे आणि पाऊस काही केल्या पाठ सोडत नाही. हा पाऊस आपल्याला थांबवता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही तक्रार कोणाकडे तरी करायचीच, तर हवामानाचे खाते ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच करावी, असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे. सकाळी लख्ख ऊन असते, दुपारपर्यंत उकाड्याने जीव कासावीस होतो, आणि चारच्या सुमारास आभाळ भरून येऊन नेमक्या मुलांच्या धावण्याच्या अंतिम फेरीच्या वेळी टपोरे थेंब पडू लागतात. मैदानावर आखलेल्या चुन्याच्या रेषा वाहून जातात, लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू चिखलात जमा होते, आणि वर्षभर या ऋतूची वाट पाहिलेली मुले पत्र्याच्या शेडखाली दाटीवाटीने उभी राहून आभाळाकडे पाहत बसतात. मी क्रीडाशिक्षक आहे; त्या मुलांची हिरमुसलेली तोंडे पाहवत नाहीत.

या पावसावर माझा राग नाही, हेही मनापासून सांगतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी जमीन झपाट्याने तापते, तिच्यालगतची हवा गरम व दमट होते, पण वरच्या थरांतली हवा मात्र अजून गारच असते. खालची हलकी हवा वेगाने वर चढते, तिच्यातली वाफ निवून तिचे थेंब बनतात आणि दुपार कलता कलता 10-12 किलोमीटर उंचीचे काळे ढग उभे राहतात. त्यामुळेच हा पाऊस एका पेठेला झोडपून काढतो आणि पलीकडच्या पेठेत धूळही भिजत नाही. ऋतूच्या या संधिकाळात असा पाऊस जगात अनेक ठिकाणी पडतो. जपानमध्ये तर जूनच्या सुमारास उष्ण दमट आणि थंड हवेच्या सीमारेषेवर पावसाचा पट्टा कित्येक आठवडे मुक्काम ठोकतो. तिथली हवामान संस्था त्याचे आगमन व निरोप प्रदेशवार जाहीर करते आणि हंगाम संपल्यावर प्रत्यक्ष नोंदी तपासून त्या तारखा गरजेप्रमाणे दुरुस्तही करते. आपण जाहीर केलेली तारीख नंतर उघडपणे बदलणे मला फार मोठेपणाचे वाटते.

आमची खरी कुरकुर आहे ती अंदाजाच्या भाषेबद्दल. ‘ढगाळ वातावरण राहून पावसाची शक्यता’ हे वाक्य वाचून मैदान दुपारी वापरावे की सकाळी, हे कोणाला ठरवता येईल? मळणी करून खळ्यावर धान्य पसरलेल्या शेतकऱ्याला, छपराची कौले उतरवून बसलेल्या गवंड्याला आणि उघड्यावर मांडव घातलेल्या कुटुंबाला त्या वाक्यातून काहीच हाती लागत नाही. अमेरिकेत 1960 च्या दशकापासून सर्वसामान्यांसाठीच्या अंदाजात पावसाची शक्यता टक्केवारीत दिली जाते. 30 टक्के शक्यता असे सांगितलेल्या दिवसांपैकी दर 10 दिवसांत साधारण 3 दिवस पाऊस पडला, तर तो अंदाज चोख म्हणायचा, आणि कोरड्या गेलेल्या 7 दिवसांसाठी कोणी शास्त्रज्ञांना बोल लावण्याचे कारण उरत नाही. लोकांना टक्केवारी कळणार नाही, हा आक्षेप मला पटत नाही; पाचवी-सहावीतल्या मुलांना ती एका तासात समजावून सांगता येते, आणि ते काम आम्ही शिक्षक आनंदाने करू.

आपल्या शास्त्रज्ञांच्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. गेल्या काही दशकांत जगभरातील अंदाजांची भरवशाची मुदत दर दशकाला सुमारे एका दिवसाने वाढत गेली, ही साधी गोष्ट नाही. पण वळवाचा एकेक ढग पुष्कळदा तासाभरातच जन्मून विरतो. तो आदल्या दिवशी नेमका कोणत्या मैदानावर येईल, हे कोणीच सांगू शकत नाही आणि तशी मागणीही मी करत नाही. तो उभा राहिल्यावर मात्र रडारला दिसतो, आणि दिसल्यापासून आमच्यापर्यंत पोहोचेपर्यंत बहुतेक वेळा थोडीफार सवड असते. ती सवड आम्हाला मिळावी.

इथे प्रश्न ओल्या कपड्यांचा राहत नाही. गडगडाट ऐकू आला, म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आलो, असे समजावे लागते. पाऊस अजून सुरू झालेला नसतानाही ढगापासून 10 किलोमीटर लांब वीज कोसळू शकते. अशा वेळी मोकळ्या मैदानावर शे-दोनशे मुले असली, तर त्यांना पक्क्या इमारतीत नेण्यासाठी वेळ लागतो, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे त्यांना बाहेर सोडायचे नसते. एवढी जबाबदारी आज केवळ कानांच्या भरवशावर पार पाडावी लागते.

म्हणून विनंती अशी आहे की, उन्हाळ्याच्या या पहिल्या टप्प्यात रोजचा अंदाज प्रत्येक तालुक्यासाठी सहज मिळेल असा द्यावा, दिवसाचे तीन-तीन तासांचे भाग पाडून प्रत्येक भागासाठी पावसाची टक्केवारी द्यावी, आणि रडारवर वादळी ढग दिसताच त्या भागातल्या मोबाइलवर सोप्या मराठीत सूचना पाठवावी. हंगामाच्या अखेरीस कोणते अंदाज खरे ठरले आणि कोणते चुकले, याचा तक्ताही प्रसिद्ध करावा. तो वाचून आमचा आपल्या खात्यावरचा विश्वास वाढेल, कमी होणार नाही. आमच्या बाजूने, दुपारच्या स्पर्धा सकाळी घेण्याची आणि सूचना येताच खेळ थांबवण्याची आमची तयारी आहे. पुढच्या उन्हाळी स्पर्धांचे वेळापत्रक आखण्यापूर्वी आपले उत्तर मिळाले, तर त्याप्रमाणे ते बसवता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक क्रीडाशिक्षक