चष्म्यात चढलेला टॉवर हिशेबात धरू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बालाघाटच्या माथ्यावर पवनचक्क्या वाढल्या तशा त्यांच्या बातम्याही वाढल्या. पण त्या जमिनीचा मोबदला, उखडलेले रस्ते आणि ठेक्यांची भांडणं यांच्यापुढे जात नाहीत. भूम, वाशी, कळंब, पाटोदा, आष्टीकडची आयटीआय झालेली जी पोरं रोज या चक्क्यांवर चढतात, त्यांच्या प्रशिक्षणाबद्दल कुणी लिहीत नाही. या प्रशिक्षणात आता व्हीआर चष्म्याचा, म्हणजे डोळ्यांवर लावला की आभासी टॉवर खऱ्यासारखा समोर दिसतो त्या चष्म्याचा, बोलबाला सुरू झाला आहे. चष्मा उपयोगाचा आहेच. पण कशासाठी आणि कुठवर, हे ठरवलं नाही तर त्याच्या जोरावर स्वस्तातली प्रमाणपत्रं वाटली जातील.

चष्म्याला तोड नाही अशी पहिली जागा म्हणजे वीज आणि दाब खरोखर बंद करण्याचा क्रम, ज्याला साइटवर ‘लोटो’ (लॉकआउट-टॅगआउट) म्हणतात. ‘ब्रेकर पाडला म्हणजे वीज गेली’ हा नव्या वीजतंत्र्याचा सर्वांत घातक समज. ६९० व्होल्टच्या बाजूचा ब्रेकर पाडला तरी वीज ग्रिडजोगी करणाऱ्या कन्व्हर्टरच्या कपॅसिटरांत डीसी व्होल्टेज उरतं. पॅनलच्या पाटीवर लिहिलेला वेळ, सहसा ५ मिनिटं किंवा त्याहून जास्त, थांबावंच लागतं. पाती जिथे जोडलेली असतात त्या हबमध्ये पात्यांचा कोन बदलणाऱ्या पिच यंत्रणेला बॅटऱ्या किंवा मोठे कपॅसिटर असतात, कारण ग्रिड गेल्यावरही पाती वाऱ्याला धार दाखवतील अशी वळवावी लागतात. म्हणजे टॉवरच्या तळाशी सगळं बंद केलं तरी वर हबमध्ये वीज जिवंतच. हायड्रॉलिकवाल्या यंत्रात नायट्रोजन भरलेला अ‍ॅक्युम्युलेटर (दाब साठवणारी टाकी) पंप थांबल्यावरही दाब धरून बसतो. झडप उघडून गेजचा काटा शून्यावर आणण्याआधी पाइपाचा नट सैल केला तर तेलाची केसासारखी बारीक धार कातडीतून आत घुसते. वरून काटा टोचल्यासारखं दिसतं, म्हणून पोरगा हात पुसून पुन्हा कामाला लागतो. प्रत्यक्षात त्याला तातडीने शस्त्रक्रियेसाठी न्यायला हवं असतं.

बंद करा, कुलूप लावा, स्वतःच्या नावाचा टॅग अडकवा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा, मग टेस्टर आधी चालू लाइनवर, नंतर बंद केलेल्या जागी आणि पुन्हा चालू लाइनवर लावा. हे शेवटचं ‘पुन्हा’ हमखास गाळलं जातं. मधल्या तपासणीत टेस्टरच बंद पडला असेल, तर जिवंत तारही मेलेलीच दिसते. खऱ्या पॅनलवर ही चूक कुणाला करू देता येत नाही. चष्म्यात देता येते, लगेच ठिणगीचा लोळ दाखवता येतो आणि तोच क्रम सात-आठ वेळा गिरवून घेता येतो. कुणी कुठलं झाकण आधी उघडलं, किती सेकंद थांबला, गेजकडे वळून तरी पाहिलं का, याची नोंद प्रशिक्षकाच्या हाती येते. फळ्यावर शिकवून हे कळत नाही.

दुसरी जागा हूक अडकवण्याची. अंगावरच्या पट्ट्यांना, म्हणजे हार्नेसला, जोडलेला २ मीटरचा हुकाचा दोर (लॅनयार्ड) डोक्याच्या वर अडकवला तर पडणं जेमतेम हातभर. पायाजवळ अडकवला तर माणूस आधी ४ मीटर खाली जातो, मग दोरातली झटका शोषणारी पट्टी (शॉक अ‍ॅब्झॉर्बर) फाटत आणखी पावणेदोन मीटरपर्यंत लांबतो. खाली तेवढी मोकळी जागा नसेल तर हार्नेस असूनही माणूस खालच्या प्लॅटफॉर्मवर आदळतो. हे आकडे पोरं पाठ करतात आणि वर गेल्यावर हाताशी येईल तिथे हूक लावतात. स्वतः खाली जातानाचं दृश्य एकदा डोळ्यांनी पाहिलं की नजर आपोआप डोक्यावरचा अँकर, म्हणजे हूक अडकवायचा पक्का आधार, शोधते.

आणि आग. २९ ऑक्टोबर २०१३ रोजी नेदरलँड्समधल्या ओल्टखेन्सप्लाट इथे चार तंत्रज्ञ एका चक्कीवर काम करत असताना नॅसेलमध्ये, म्हणजे टॉवरच्या माथ्यावरच्या यंत्रांच्या खोलीत, आग लागली. शिडीकडची वाट आगीने अडली आणि वर अडकलेले दोन तरुण दगावले. तालुक्याच्या अग्निशमन गाडीची शिडी शंभर मीटरवर पोचणार नाही. वरच्यांची सुटका वरच्यांनीच करायची असते. त्यासाठी नॅसेलच्या मागच्या हॅचमधून (झाकणाच्या दारातून) दोर सोडून उतरायचं साधन वर लागतं. त्याचा वेग सेकंदाला साधारण १ मीटर, म्हणजे १०० मीटरला पावणेदोन-दोन मिनिटं. उतरायला वेळ लागत नाही, तो जातो ठरवण्यात. आग विझवायचा एक सिलिंडर मारून आग विझली नाही तर दुसरा शोधायचा नाही, निघायचं. शिवाय बंद नॅसेलमध्ये कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर रिकामा केला की विझवणाऱ्यालाच श्वासाला हवा कमी पडते. धुरात दिशा चुकणं, उतरायची पिशवी आगीच्या पलीकडे राहणं, सोबती घाबरून शिडीकडेच पळणं, हे सगळं चष्म्यात दर वेळी बदलून देता येतं.

आता उलट बाजू. चष्म्यात हूक बटण दाबल्यावर बसतो. खऱ्या हुकाची दुहेरी खटक्याची कडी हातमोजा घालून, घामेजल्या हाताने, एका हाताने शिडी धरून उघडावी लागते. ती नीट बंद झाली का, हे ओढून पाहावं लागतं. हाताचं हे शिक्षण चष्म्यासोबतच्या हातातल्या कंट्रोलरमधून मिळत नाही. मांडीचा पट्टा सैल राहिला तर काय होतं, हेही नाही. पट्ट्यांत निश्चल लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं आणि तो काही मिनिटांतच बेशुद्ध पडू शकतो. अशा वेळी ८० किलोचा सोबती दोराने उचलून त्याचा लॅनयार्ड मोकळा करायला खांदे आणि सराव दोन्ही लागतात. पायऱ्यांत २८ सेंटिमीटर अंतर धरलं तर १०० मीटरला साडेतीनशेच्या वर पायऱ्या होतात. चष्म्यात त्या चढताना धाप लागत नाही. बोल्ट ठरावीक जोराने आवळणाऱ्या हायड्रॉलिक टॉर्क रेंचचंही तेच. त्याचा टेकूचा दांडा आणि शेजारचा बोल्ट यांच्यात बोट सापडलं तर तुटतं. बोट कुठे ठेवायचं नाही एवढं चष्मा दाखवील, पण रेंच पेलायची कशी ते दाखवू शकणार नाही. म्हणून चष्म्यात पास झालेल्या मुलाला आत्मविश्वास भरपूर असतो आणि हात कच्चे असतात. ही जोडी वाईट.

आयटीआयमध्ये चष्मे आणायचे तर साध्या गोष्टी आधी बघाव्यात. २० जणांच्या तुकडीला ४ चष्मे, प्रत्येकाला १५ मिनिटं आणि बदलायला ५, असा हिशेब धरला तर ५ फेऱ्यांना १०० मिनिटं लागतात. चष्म्याची बॅटरी जेमतेम दोन तास चालते, म्हणजे एका तुकडीत ती संपत येते. लाइट गेली की दुसरी तुकडी घरी, तेव्हा इन्व्हर्टर हवा. चष्म्यात दिसणारा मजकूर इंटरनेटविना चालणारा घ्यावा; डोंगरपट्ट्यातली रेंज सर्वांना माहीत आहे. प्रत्येकाला २ बाय २ मीटर मोकळी जागा आणि शेजारी उभा माणूस लागतो, कारण चष्म्यात कड्यावर उभं केल्यावर पोरं खरोखर तोल जाऊन पडतात. पहिला पाठ १० मिनिटांचा आणि बसून. शरीर जागच्या जागी आणि डोळ्यांपुढे शिडी सरकते, यानेच बहुतेकांना मळमळतं. फीट येणाऱ्याला चष्मा देऊच नये. तोंडाला लागणारी गादी दर वेळी पुसावी, नाहीतर एकाचे डोळे आले की साऱ्या वर्गाचे येतील.

मजकूर परदेशातून जसाच्या तसा आणला जातो, ही माझी मुख्य तक्रार. त्यात समुद्र असतो, बर्फ असतो, इंग्रजी बोलणारा साहेब असतो. आपल्याकडे मे महिन्यात ४० अंशांच्या वर पारा आणि नॅसेलच्या आत त्याहून जास्त. घामाने हातमोजे निसटतात आणि डोकं हलकं झालेला माणूस शिडीवर असतो. वळवाचे ढग दुपारी तासाभरात भरून येतात. गडगडाट ऐकू येईपर्यंत वर थांबणं म्हणजे उशीर झालेला असतो, आणि वीज चमकत असताना ब्लेडमध्ये किंवा हबमध्ये कुणी असता कामा नये. हे प्रसंग मराठीतून, वॉकीटॉकीवर आपली पोरं बोलतात त्या शब्दांत बनवायला हवेत. जून ते सप्टेंबर वाऱ्याचा हंगाम. मोठी देखभाल त्याआधी उरकतात. म्हणून सराव जानेवारी-फेब्रुवारीत झाला तर कामी येईल.

ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन या पवनऊर्जा कंपन्यांच्या जागतिक संस्थेच्या मूलभूत सुरक्षा प्रशिक्षणात उंचीवरचं काम, आग, प्रथमोपचार आणि ओझं हाताळणं यांची दर २ वर्षांनी उजळणी करावी लागते. ठेकेदाराकडच्या नोंदवहीत या उजळणीचे चष्म्यातले तास आणि दोरावरचे तास वेगळ्या रकान्यांत लिहावेत. दोरावरचा रकाना कोरा असेल, तर त्या मुलाला वर जायचा परवाना मिळू नये. परवान्यावर सही करणारा साइट इंजिनिअर ती वही मागून बघू शकतो. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

आपला,
पवनचक्की देखभाल प्रशिक्षणातील एक वाचक,
कळंब, जि. धाराशिव